फ्रेडी मर्क्युरी : उमेदवारीची पाच वर्षे

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा परगणा आहे. तेथील ट्रुरो या लहानशा शहराच्या सभागृहात २७ जून १९७० रोजी रेड क्रॉसच्या मदतीसाठी एक कार्यक्रम झाला. ड्रमवादक रॉजर टेलर त्याच गावात वाढलेला. कार्यक्रमही त्याच्या आईनेच ठरवून दिलेला. जाहिरातीत बँडचे नाव 'स्माइल' असे छापले होते. प्रत्यक्षात 'स्माइल' तोवर मोडला होता आणि त्याचा गायक दुसरीकडे निघून गेला होता. त्याच्या जागी त्या रात्री उभा राहिला तो फ्रेडी बलसारा नावाचा तेवीस वर्षांचा पारशी तरुण. त्याच्या आवाजात ताकद होती, पण ताबा नव्हता. अंगविक्षेप भरपूर होते, पण ते कशासाठी हे समोरच्या मोजक्या श्रोत्यांना उमगले असेल असे वाटत नाही. याच तरुणाने पुढे पंधरा वर्षांनी वेम्ब्लीच्या मैदानावर सत्तर हजारांहून अधिक माणसांना केवळ हाताच्या इशाऱ्यावर गायला लावले. ट्रुरोचे सभागृह आणि वेम्ब्लीचे मैदान यांच्यामधले अंतर त्याने कसे कापले, याची ही हकिकत आहे.

फारोख बलसाराचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये झाला. वडील बोमी बलसारा तेथील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. घराण्याचे मूळ गुजरातमधील बुलसार, म्हणजे आजचे वलसाड. आडनाव त्या गावावरूनच आले. घरची स्थिती सुखवस्तू होती, मात्र बेटावर मुलाच्या शिक्षणाची मनाजोगती सोय नव्हती. म्हणून वयाच्या आठव्या वर्षी त्याला बोटीने मुंबईला आणि तेथून सातारा जिल्ह्यातील पाचगणीला धाडण्यात आले. घाटमाथ्यावरच्या त्या थंड हवेच्या गावी इंग्रजी धाटणीच्या निवासी शाळा तेव्हाही होत्या. त्यांतल्या सेंट पीटर्समध्ये तो दाखल झाला.

पाचगणीची वर्षे त्याच्या चरित्रात सहसा दोन ओळींत उरकली जातात. इंग्रजी चरित्रकारांना तो भाग दूरचा वाटतो आणि त्याने स्वतःही त्याबद्दल फारसे बोलणे टाळले. वास्तविक पुढचे बरेचसे तेथेच घडले. आईवडील समुद्रापार असल्याने सुटीत मुंबईला नातलगांकडे जायचे, उरलेले वर्ष वसतिगृहात काढायचे. अशा मुलाला आपली जागा आपणच निर्माण करावी लागते. जन्मतः चार दात अधिक असल्याने पुढचे दात बाहेर आलेले होते आणि त्यावरून मुले चिडवीत. तोंडावर हात धरून हसण्याची सवय लागली ती आयुष्यभर राहिली. पण शाळेत पियानो होता. त्याचे रीतसर शिक्षण त्याने घेतले, प्रार्थनेच्या गायनवृंदात तो गायला, नाटकांतही उभा राहिला. फारोखचा 'फ्रेडी' झाला तोही तेथेच. साधारण १९५८ च्या सुमारास पाच मित्रांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिट्ल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांच्या लोकप्रिय गाण्यांची ही मुले नक्कल करीत आणि शाळेच्या समारंभांत ती वाजवीत. गंमत अशी, की या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. तो मागे पियानोवर बसे. रेडिओवर एकदा ऐकलेली चाल त्याला जशीच्या तशी वाजवता येई, असे त्याचे वर्गमित्र पुढे सांगत.

शाळा संपवून तो झांझिबारला परतला आणि थोड्याच दिवसांत, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली गेली, हजारो माणसे मारली गेली. अरब आणि भारतीय वंशाची कुटुंबे मिळेल त्या मार्गाने बाहेर पडली. बलसारा कुटुंब इंग्लंडला पोहोचले आणि लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळील फेल्टम या उपनगरात एका साध्या घरात राहू लागले. नोकरचाकर असलेल्या घरातला मुलगा आता सुटीत विमानतळावर सामान हलवण्याची कामे करू लागला. ईलिंगच्या कलामहाविद्यालयात त्याने १९६६ ते १९६९ या काळात रेखांकनकलेची पदविका घेतली. गाणे हा अद्याप व्यवसाय नव्हता. तो जिमी हेन्ड्रिक्सची चित्रे काढीत बसे आणि त्याच्या मैफलींना जाई.

ईलिंगचाच एक विद्यार्थी टिम स्टाफेल 'स्माइल' या बँडमध्ये गात असे. त्याचे साथीदार होते इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारा गिटारवादक ब्रायन मे आणि दंतवैद्यकाचा अभ्यासक्रम घेतलेला ड्रमवादक रॉजर टेलर. ब्रायनची गिटार त्याने व त्याच्या वडिलांनी घरीच बनवली होती. तिच्या मानेचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतून काढलेले होते. फ्रेडी 'स्माइल'च्या कार्यक्रमांना जाऊन बसू लागला आणि कार्यक्रम संपल्यावर न मागता सल्ले देऊ लागला. कपडे असे हवेत, उभे असे राहावे, श्रोत्यांकडे पाठ करू नये. तिघे ऐकून घेत आणि सोडून देत. त्या वेळी त्याला स्वतःचा बँड नव्हता, तरी रंगमंचावर काय व्हायला हवे हे त्याच्या मनात पक्के होते. १९६९ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलहून आलेल्या 'आयबेक्स' या बँडने त्याला गायक म्हणून घेतले आणि २३ ऑगस्टला बोल्टन येथे तो प्रथमच जाहीररीत्या गायला. तो बँड नाव बदलून पाहता पाहता विरला. पुढे एका दुसऱ्या बँडातही तो काही आठवडे होता. या धडपडीच्या काळातच एका कार्यक्रमात ध्वनिक्षेपकाच्या दांड्याचा खालचा जड भाग निसटला आणि वरचा अर्धा दांडा हातात राहिला. त्याने तो तसाच फिरवीत गाणे पुरे केले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा सजवलेली, अर्धा दांडा हातात धरलेली ती मूर्ती पुढे जगभर ओळखली गेली.

१९७० मध्ये स्टाफेलने 'स्माइल' सोडला आणि फ्रेडी त्याच्या जागी आला. २०१८ मध्ये आलेल्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चित्रपटात हे सारे एका रात्रीत घडते. पार्किंगमध्ये भेट होते, गायकाची जागा मिळते आणि चौघेही पहिल्या कार्यक्रमापासून एकत्र असतात. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, पण इतिहासाला त्याने फारसे जुमानलेले नाही. बँडला कायमचा बास गिटारवादक मिळायलाच पाऊण वर्ष लागले. तिघे आले आणि गेले. चौथा जॉन डीकन, इलेक्ट्रॉनिक्सचा अबोल विद्यार्थी, १९७१ च्या आरंभी सापडला आणि त्याच वर्षी २ जुलैला तो प्रथम त्यांच्याबरोबर वाजवायला उभा राहिला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तोवर फ्रेडीने बँडचे नाव 'क्वीन' करून टाकले होते आणि स्वतःचे आडनाव मर्क्युरी. बँडचे बोधचिन्हही त्यानेच काढले. चौघांच्या राशी त्यात आहेत. दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीच्या स्वतःसाठी दोन पऱ्या आणि वर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी. एकही ध्वनिमुद्रिका निघालेली नसताना राजचिन्हासारखे चिन्ह तयार असणे, हा त्याचा स्वभाव होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळी लंडनमध्ये नव्या बँडचा मार्ग ठरलेला असे. आठवड्यातून चार-पाच रात्री दारूच्या गुत्त्यांत वाजवायचे, दहा-वीस पौंड मिळवायचे, जुन्या व्हॅनमध्ये झोपायचे. 'क्वीन'ने हा मार्ग जाणूनबुजून टाळला. ते महाविद्यालयांत वाजवीत, इम्पीरियल कॉलेजात ओळखीच्या लोकांना बोलावून कार्यक्रम करीत, उन्हाळ्यात कॉर्नवॉलची फेरी काढीत. ऑक्टोबर १९७० मध्ये बीटल्समुळे गाजलेल्या लिव्हरपूलच्या 'कॅव्हर्न' क्लबमध्येही ते वाजवून आले. पण कार्यक्रम थोडे आणि तालमी फार, असे त्यांचे गणित होते. चौघांचेही शिक्षण चालू होते किंवा नुकते संपले होते. फ्रेडी आणि रॉजर केन्सिंग्टनच्या बाजारात एक गाळा घेऊन जुने झगमगीत कपडे विकत. या निर्णयाची किंमतही त्यांनी मोजली. जानेवारी १९७२ मध्ये लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात डीकनने कार्यक्रम ठरवला, तेव्हा सभागृहात अवघे सहा श्रोते होते. सहा जणांसमोरही पूर्ण पोशाखात पूर्ण कार्यक्रम करायचा, हा आग्रह मात्र फ्रेडीने सोडला नाही. याला अहंकार म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. तो अहंकार होताच. पण नाव होण्यापूर्वीच नावाजलेल्याप्रमाणे वागण्याची ही सवय त्याला पुढे फार उपयोगी पडली.

ध्वनिमुद्रणाची वाटही सरळ नव्हती. वेम्ब्लीतील एका नव्या स्टुडिओला आपली यंत्रे तपासून घ्यायची होती. त्या मोबदल्यात त्यांना काही गाणी फुकट मुद्रित करून मिळाली. ती ऐकून ट्रायडेंट या कंपनीने १९७२ मध्ये करार केला, पण स्टुडिओ मिळे तो इतर नामवंतांचे काम संपल्यावर, बहुधा रात्री उशिरा. असे करीत पहिली ध्वनिमुद्रिका १३ जुलै १९७३ रोजी बाजारात आली आणि विशेष कोणाच्या लक्षात न येता राहिली. नभोवाणी आणि वृत्तपत्रे यांनी तिची फार दखल घेतली नाही. मग उरला तो रंगमंच.

नोव्हेंबर १९७३ मध्ये 'मॉट द हूपल' या त्या वेळच्या गाजलेल्या बँडच्या ब्रिटन दौऱ्यात आधीचा अर्धा-पाऊण तास वाजवण्याचे काम 'क्वीन'ला मिळाले. १२ नोव्हेंबरला लीड्समध्ये दौरा सुरू झाला. पाहुण्या बँडची अवस्था आपल्याकडील मोठ्या बुवांच्या आधी गाणाऱ्या शिष्यासारखी असते. श्रोते अद्याप स्थिरस्थावर होत असतात, दिवे पूर्ण लागलेले नसतात, आणि कोणी तुमच्यासाठी आलेले नसते. फ्रेडी रोज रात्री अशा परक्या श्रोत्यांसमोर उभा राहिला आणि त्यांना ओढून घेण्याच्या युक्त्या शोधीत गेला. गाण्यांमधील रिकामा वेळ कमी करायचा. प्रकाशाचा झोत नेमका कोणत्या क्षणी पडावा हे ठरवायचे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसेल एवढा हात उंच न्यायचा. दौरा अर्धा होईतो मुख्य बँडला हा पाहुणा जड जातो आहे अशी बोलवा झाली. 'मॉट द हूपल'च्या मंडळींचा मोठेपणा असा, की त्यांनी याचा राग धरला नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेलाही ते त्यांना बरोबर घेऊन गेले.

अर्थात सगळीकडे असेच घडले असे नाही. जानेवारी १९७४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळील सनबरीच्या महोत्सवात त्यांची फटफजिती झाली. ब्रायनचा हात लशीच्या सुईमुळे चिघळला होता, फ्रेडीच्या कानाला संसर्ग होता. लंडनहून स्वतःचे दिवे आणि ते हाताळणारी माणसे घेऊन आलेल्या या अनोळखी बँडबद्दल स्थानिक मंडळींना आधीच अढी बसली होती. श्रोत्यांना आपले स्थानिक बँड हवे होते. हुर्यो उडाली आणि चौघे दुखणी घेऊन परतले.

परतताच नशिबाने हात दिला. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमासाठी डेव्हिड बोवीची चित्रफीत वेळेत मिळू शकली नाही आणि ती जागा 'क्वीन'ला देण्यात आली. फेब्रुवारी १९७४ मध्ये ते पडद्यावर दिसले. 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' हे गाणे पहिल्या दहांत पोहोचले, मार्चमध्ये आलेली दुसरी ध्वनिमुद्रिका पाचव्या क्रमांकावर गेली. दूरचित्रवाणीने दार उघडले हे खरे. पण त्याच महिन्यात सुरू झालेल्या त्यांच्या स्वतःच्या पहिल्या दौऱ्याला श्रोते आले, ते बव्हंशी मागच्या हिवाळ्यात त्यांना 'पाहुणे' म्हणून पाहिलेले. कार्यक्रम सुरू होण्याची वाट पाहताना हे श्रोते आपणहून ब्रिटनचे राष्ट्रगीत गाऊ लागले. त्यातला राणीचा उल्लेख त्यांनी थट्टेने या 'राणी'ला बहाल केला होता. बँडने ती थट्टा उचलली, ब्रायनने गिटारवर राष्ट्रगीत मुद्रित केले आणि पुढे प्रत्येक मैफलीची सांगता त्यानेच होऊ लागली. ३१ मार्चला लंडनच्या रेनबो नाट्यगृहात, झँड्रा ऱ्होड्सने शिवलेल्या पंखांच्या पांढऱ्या झग्यात फ्रेडी प्रकटला. चार वर्षांपूर्वी ट्रुरोत निरर्थक वाटलेले तेच अंगविक्षेप आता तीन हजार माणसांना कळत होते.

मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'मॉट द हूपल'च्या साथीने एक आठवडा झाला आणि ब्रायन काविळीने आडवा झाला. अमेरिकेचा उरलेला दौरा सोडून द्यावा लागला. लंडनला आल्यावर त्याला आतड्याचा व्रण झाला. रुग्णालयात असताना आपल्या जागी दुसरा कोणी येईल या धास्तीने त्याला घेरले होते. तसे झाले नाही. तिघांनी त्याच्या गिटारसाठी जागा मोकळ्या सोडून काम चालू ठेवले. त्याचा खगोलभौतिकीतील प्रबंध मात्र तेव्हाच बाजूला पडला. तो त्याने थेट २००७ मध्ये पुरा केला. १९७४ च्या अखेरीस 'किलर क्वीन' दुसऱ्या क्रमांकावर गेले. १९७५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत परत जाऊन त्यांनी या वेळी स्वतःच्या नावावर दौरा केला. एका रात्रीत दोन-दोन खेळ लावल्याने फ्रेडीच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. डॉक्टरांनी मौन सांगितले, काही कार्यक्रम रद्द झाले. एप्रिलमध्ये टोकियोच्या विमानतळावर उतरले, तेव्हा हजारो चाहते वाट पाहत होते. इंग्लंडमध्ये तोवर असे स्वागत त्यांच्या वाट्याला आले नव्हते.

आणि या साऱ्या काळात त्यांच्या हाती पैसा जवळपास नव्हता. करारानुसार प्रत्येकाला आठवड्याला साठ पौंड मिळत. डीकनचे लग्न झाले होते. घरासाठी त्याने उचल मागितली, ती नाकारली गेली. फ्रेडीने पियानो मागितला, तोही नाकारला गेला. बुडोकानचे प्रेक्षागृह भरवणारा गायक लंडनला परतून भाड्याच्या ओल धरलेल्या खोलीत झोपत होता. ऑगस्ट १९७५ मध्ये कंपनीशी फारकत झाली. त्यासाठी बँडला एक लाख पौंड आणि पुढील सहा ध्वनिमुद्रिकांच्या उत्पन्नाचा एक टक्का द्यावा लागला. कंपनीची बाजू अशी, की तोवर त्यांच्यावर ओतलेला पैसा वसूल झालेला नव्हता. तीत तथ्य नव्हते असे नाही. पण फ्रेडीने तो डंख विसरायचे नाकारले आणि पुढच्या ध्वनिमुद्रिकेचे पहिलेच गाणे त्या कटुतेवर रचले.

त्याच ध्वनिमुद्रिकेत 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' होते. जवळजवळ सहा मिनिटांचे, मध्ये ऑपेराचा तुकडा असलेले हे गाणे ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी आले आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. रंगमंचावर ते जसेच्या तसे गाणे अशक्य होते, कारण मधल्या भागात तीनच गळे पुन्हा पुन्हा मुद्रित करून शेकडो आवाजांचा भास निर्माण केलेला होता. पुढील दौऱ्यांत त्यांनी यावर उपाय काढला. तो भाग आला की चौघे अंधारात निघून जात, ध्वनिफीत वाजे, आणि शेवटच्या रॉकच्या गजरावर दिव्यांच्या झगझगाटात परत येत. लबाडी उघड होती. ती लपवण्याचा प्रयत्नच न करता तिचाच देखावा करण्यात फ्रेडीचे शहाणपण होते.

उमेदवारी येथे संपली. १८ सप्टेंबर १९७६ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांनी विनामूल्य कार्यक्रम केला, त्याला दीड लाखाहून अधिक लोक आले. १९७७ मध्ये स्टॅफर्डला कार्यक्रम संपल्यावर श्रोतेच फुटबॉलच्या मैदानावरील एक गीत एकसुरात गाऊ लागले. त्यातून श्रोत्यांनीच गावी अशी गाणी लिहिण्याची कल्पना आली. दोनदा पाय आपटून एक टाळी वाजवण्याचा तो ठेका आज क्रिकेटच्या मैदानांवरही ऐकू येतो. १९८१ मध्ये साओ पाउलोच्या मैदानावर एका रात्री एक लाख एकतीस हजार माणसे होती. या यशात एक डागही आहे. १९८४ मध्ये वर्णद्वेषी राजवटीखालील दक्षिण आफ्रिकेत, सन सिटी येथे त्यांनी कार्यक्रम केले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या काळ्या यादीत त्यांचे नाव गेले, ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने दंड केला. स्थलांतरित कुटुंबातल्या, सावळ्या वर्णाच्या कलावंताला याचे गांभीर्य कळू नये, ही गोष्ट त्याचे चाहते सहसा टाळून पुढे जातात. पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या 'लाइव्ह एड'मध्ये त्यांना वीस-एक मिनिटे मिळाली. दिवसाचा उजेड होता, दिव्यांची करामत नव्हती. समोरचे सारे श्रोते त्यांच्यासाठी आलेले नव्हते. 'मॉट द हूपल'च्या आधी वाजवायचे ते असेच. इतरांनी तेथे आपापली गाणी गायली. 'क्वीन'ने आधी तालीम करून, घड्याळ लावून कार्यक्रम बसवला होता.

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला तो बँडसह शेवटचा गायला. १९८७ मध्ये एड्सचे निदान झाले. चित्रपटात ते 'लाइव्ह एड'च्या आधी दाखवले आहे, ते खरे नाही. चार वर्षे त्याने आजार मित्रांच्या बाहेर जाऊ दिला नाही आणि गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी निवेदन प्रसिद्ध झाले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केन्सिंग्टनच्या राहत्या घरी तो वारला. त्याचे वय पंचेचाळीस होते. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी प्रार्थना म्हणून केला. तेथे जमलेल्या इंग्लिश मित्रांपैकी अनेकांना त्या प्रार्थना सर्वस्वी अपरिचित होत्या. भारतात त्याने कधीच जाहीर कार्यक्रम केला नाही.

नाकारला गेलेला पियानो त्याने १९७५ मध्ये स्वतः विकत घेतला. यामाहाचा तो लहान ग्रँड पियानो पुढे शेवटपर्यंत घरी राहिला आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' त्यावरच पुरे झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात तो सतरा लाखांहून अधिक पौंडांना गेला. फेल्टमच्या घरावर २०१६ मध्ये निळी स्मृतिपाटी बसवण्यात आली. तिच्यावर मर्क्युरी हे नाव आहे आणि त्याखाली, कंसात, फ्रेड बलसारा.